प्रकल्प नोंदी: १९७८ च्या पद्मिनीची वायरिंग

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळीचे पाहुणे गेले, सोसायटीचं पार्किंग मोकळं झालं, गाडी पुन्हा कामाला घेतली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची फियाट, १९७८ चं मॉडेल, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. पेट्रोल, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगवर. इंजिन झालं, ब्रेक झाले, पत्रा आणि रंग झाला. वायरिंग राहिलीय. "फियाटला वायरिंग असते कुठे, चार वायरी तर आहेत" असं म्हणणाऱ्याला एकदा हिच्या डॅशबोर्डखाली उताणं झोपवायला हवं.

आज मी तेच केलं. स्टिअरिंग कॉलमजवळचा जुडगा हातात घेऊन हलकेच वाकवला, तर दोन वायरींचं कव्हर तडकून आतलं तांबं दिसायला लागलं. पीव्हीसी जुनं झालं की त्याला मऊ ठेवणारा घटक उडून जातो आणि ते ठिसूळ होतं, हे आहेच. पण डिक्कीकडे जाणारी वायर त्याच वयाची असून अजून बऱ्यापैकी मऊ आहे. म्हणजे इथे नुसतं वय नाही, उष्णताही आहे.

कारण हेडलाइटमध्ये सापडलं. कधीकाळी कोणीतरी १००/९० वॉटचे बल्ब घातले होते. मूळचे बल्ब ४५/४० वॉटचे. त्यांचं बूड वेगळं, पी-४५-टी. हे १००/९० चे एच-४ जातीचे, त्यांचं बूड पी-४३-टी. त्यामुळे बल्ब बदलताना त्या माणसाने रिफ्लेक्टरही बदललेत, एवढी हौस. वायर मात्र तीच ठेवली. दोन बल्ब शंभर-शंभर वॉटचे म्हणजे फुल लाइटला १६-१७ अँपियर, आणि या गाडीत रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही, सगळा करंट डिपरच्या दांडीतून जातो. जुडगा भाजून निघणारच.

बाकी डॅशखाली जे सापडलं ते असं: स्टिरिओची वायर (स्टिरिओ नाही), रिव्हर्सच्या भोंग्याची वायर (भोंगा नाही), चोरीविरोधी छुपा स्विच (गंजून कायमचा चालू), आणि घरगुती वायरिंगची एक निळी वायर, जी कुठून येते ते कळलं पण कुठे जाते ते अजून नाही. बॉनेटखाली बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो काढून त्याच्या जागी अल्टरनेटर बसवलेला आहे, तर जुन्या कटआउटच्या (डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा डबा) वायरी टेप गुंडाळून तशाच सोडल्यात. त्यातली एक अजूनही जिवंत आहे.

१६ नोव्हेंबर

बदलायचं ठरवण्याआधी मोजून घेतलं. पाहूनच ठरवायचं तर सगळंच बदलावंसं वाटतं.

इंजिन चालू, फुल लाइट चालू (१००/९० चे बल्ब काढून एच-४ चे साधे ६०/५५ लावलेत). बॅटरीवर १३.९ व्होल्ट. डाव्या हेडलाइटच्या टोकावर ११.४. अडीच व्होल्ट वाटेत गायब. फिलामेंटच्या बल्बचं असं असतं की व्होल्टेज १० टक्के घटलं तर उजेड साधारण ३० टक्के घटतो. इथे तर १८ टक्के घट आहे. रात्री घाटात ही गाडी मेणबत्तीवर चालते म्हणायची.

मग हे अडीच व्होल्ट कुठे सांडतात ते शोधलं. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला, दुसरी क्रमाने पुढे सरकवत न्यायची, दिवे चालू ठेवूनच. बॅटरी ते इग्निशन स्विच ०.५. स्विचपासून डिपरची दांडी पार होईपर्यंत ०.८. फ्यूज बॉक्समध्ये ०.४. तिथून पुढे बल्बपर्यंत ०.३. आणि बल्बच्या अर्थपासून (करंट बॉडीतून परत यायची वाट) बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.५.

शेवटचा आकडा बघून थांबलो. अर्थमध्ये अर्धा व्होल्ट! पण रंगकाम नुकतंच झालंय, अर्थचे बोल्ट रंगावर आवळलेत, रंग काही वीज नेत नाही. जुनी गाडी रंगवून आणल्यावर "आधी चालत होतं, आता इंडिकेटर लावला की पार्किंग लाइट लुकलुकतो" अशी तक्रार बरेच जण करतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

वाट एकाच जागी अडली असती तर तेवढाच तुकडा बदलला असता. इथे सगळीकडे थोडी थोडी अडलीय. अख्खी वायरिंग बदलायची हे ठरलं. प्रश्न आता इतकाच की कुठली घ्यायची.

२५ नोव्हेंबर

अर्धी रजा टाकून पुण्यातली नाना पेठ, गाड्यांच्या स्पेअर पार्टचा बाजार. परवाच निवडणुकीचे निकाल लागलेत, रस्त्याच्या कडेला अजून गुलाल आहे.

पद्मिनीची तयार वायरिंग मिळते. प्लॅस्टिकच्या पिशवीत, गुंडाळी करून, वर "फियाट ऑल मॉडेल" अशी चिठ्ठी. ते "ऑल मॉडेल" मला खटकलं. १९६४ च्या डिलाइटपासून मोजलं तर ही गाडी या ना त्या नावाने पस्तीस-छत्तीस वर्षं बनली. डायनामोवाल्या आहेत, अल्टरनेटरवाल्या आहेत, गिअर स्टिअरिंगवर असलेल्या आहेत, शेवटी शेवटी खाली फ्लोअरवर आलेल्या आहेत, नव्वदीत डिझेल इंजिनही आलं. मीटरचं पॅनेल बदललं, दांडीचा स्विच बदलला. या सगळ्यांना एकच वायरिंग कशी चालेल?

दुकानदाराला विचारलं. तो अगदी शांतपणे म्हणाला, "साहेब, चालते म्हणजे चालवून घ्यायची. जास्तीच्या वायरी टेप मारून सोडायच्या, कमी पडल्या तर जोडायच्या." प्रामाणिक माणूस. माझ्या गाडीत आत्ता जे झालंय ते याच पद्धतीने झालंय.

तरी नुसत्या शंकेवर नाही म्हणायचं नव्हतं. डिक्कीकडची वायरिंग सुटी मिळते आणि स्वस्त असते. तीच एक घेतली, कापून बघायला.

२६ नोव्हेंबर, रात्री

कापली.

चिठ्ठीवर १४/०.३० लिहिलंय. म्हणजे ०.३० मिलिमीटर जाडीच्या १४ तारा, एकूण साधारण १ चौरस मिलिमीटर. टोक सोलून तारा टेबलावर पसरल्या, मोजल्या. चौदा बरोबर. मग एक तार स्क्रू गेजमध्ये धरली: ०.२०. दुसरी, ०.२०. तिसरी, तीच. म्हणजे १ चौरस मिलिमीटरच्या जागी ०.४४. तारांचा आकडा खरा, जाडी खोटी. दुकानात उभ्याने कोणी मोजलं तर तारा मोजतो, गेज खिशात कोणी ठेवत नाही. बनवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असणार.

तार ब्लेडने खरवडली. आतही लालच आहे, म्हणजे तांबं खरं आहे. तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं तर आत पांढरं दिसलं असतं. तेवढं क्रेडिट द्यायला हवं.

टर्मिनल बघितले. या उघड्या पिनांना मागे पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी तांब्याला आवळायची, मागची वायरच्या कव्हरला. मागच्या जोडीचं काम हिसके सोसायचं, म्हणजे तांब्यावर ताण येत नाही. इथे दोन्ही जोड्या तांब्यावरच दाबल्यात. बोटाने ओढलं, निघून आलं. पुन्हा दुसरं ओढलं, तेही आलं. पुढचं ओढायची इच्छा झाली नाही.

पर्याय एक बाद.

७ डिसेंबर

मुंबईत काम होतं, तिथूनच कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलो. काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे उतरली, पण मोडीत त्याच्या कितीतरी आधीपासून जात होत्या. त्यामुळे भंगारात अजून माल निघतो. एका गाळ्यात टॅक्सीची पूर्ण मूळ वायरिंग मिळाली, कंपनीची, कापड-टेपसकट.

दिसायला देखणी. रंग अजून ओळखू येतात, पिना पितळी, दाबलेल्या नीट. हात लावल्यावर कळलं: कॉलमजवळचा भाग माझ्या गाडीसारखाच कडक. शिवाय टॅक्सी असल्याने भाड्याच्या मीटरला आणि टपावरच्या दिव्याला वायर टोचून घेतलेली. टॅक्सी दिवसरात्र चाललेली असते, वायरीने माझ्या गाडीच्या कितीतरी पट उन्हाळे बॉनेटखाली काढलेत. मूळ म्हणून मोल आहे, वायर म्हणून नाही.

पण घेतली. अख्खी नाही, फक्त पिना आणि कपलर यांच्यासाठी. जुन्या इग्निशन स्विचच्या मागे ३०, १५/५४, ५० असे आकडे आहेत, त्यांना नीट बसणाऱ्या पिना हल्ली सरसकट मिळत नाहीत. गाळेवाल्याने किलोच्या भावाने दिली. घासाघीस करायला फार वाव नव्हता, तांब्याचा भाव त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होता.

१४ डिसेंबर

आज हात काळे केले नाहीत, नुसतं वाचलं आणि विचार केला.

अमेरिकेत जुन्या गाड्यांसाठी युनिव्हर्सल किट मिळतात, १२ सर्किटची, २१ सर्किटची. प्रत्येक वायरीवर ती कशाची आहे ते छापलेलं, सोबत पातीच्या फ्यूजचा बॉक्स, वायरचं कव्हर क्रॉस-लिंक्ड, म्हणजे तापलं तरी वितळत नाही. माल उत्तम. माझ्या एका मित्राचं म्हणणं, डोळे मिटून हेच मागव. माझं म्हणणं वेगळं आहे. ही किट मोठ्या अमेरिकी गाड्यांच्या हिशेबाने बनतात. वायर लांबच लांब, कापून टाकण्यातच अर्धी जाणार. कस्टम भरायचं ते वेगळं. आणि रंग त्यांचे. उद्या मी नसताना एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडलं तर त्याला काय समजणार?

रंगांचा मुद्दा मी उगाच धरून बसलेलो नाही. आपल्याकडचे जुने वायरमन अॅम्बेसेडरवर तयार झाले. तिची वायरिंग लुकास पद्धतीची: तपकिरी म्हणजे बॅटरीचा थेट करंट, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, निळी हेडलाइटची, लाल पार्किंगची, काळी अर्थ. जर्मन पद्धतीत तपकिरी म्हणजे अर्थ. एकाची सगळ्यात जिवंत वायर ती दुसऱ्याची सगळ्यात मेलेली. फियाटची तऱ्हा या दोन्हींहून निराळी. म्हणून माझ्या गाडीत जिथे जो रंग आहे तोच नव्या वायरिंगमध्ये हवा, नाहीतर वायरिंगचा नकाशा असून उपयोग नाही.

मूळपणाचाही विचार केला. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, "व्हीए" अक्षरांची पाटी मिळते. माझी २०२८ ला बसेल. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. वायरिंग त्यात येत नाही. म्हणजे कायद्याची आडकाठी नाही, आता फक्त माझ्या डोळ्यांना काय खपतं ते बघायचं. मला बॉनेट उघडल्यावर गाडी जुनी दिसायला हवी. रिले दिसला तर राग येईल, पण रिले नसला तर जास्त राग येईल.

२१ डिसेंबर

भोसरी. चाकण-भोसरी पट्ट्यात मोठ्या कंपन्यांना वायरिंग पुरवणारे छोटे कारखाने खूप आहेत, पण "एक नग करून द्या" म्हटलं की ते हसतात. त्यांचं बरोबर आहे. एका नगासाठी बोर्ड मांडणं त्यांना परवडत नाही.

त्यांच्यातल्याच एकाने एका काकांचा पत्ता दिला. असल्याच कारखान्यात आयुष्य काढून निवृत्त झालेत, आता घरामागच्या शेडमध्ये बुलेट आणि लँब्रेटाच्या वायरिंग बनवतात. भिंतीवर खिळे मारलेले प्लायवूडचे बोर्ड टांगलेले, प्रत्येक बोर्डावर पेन्सिलने वायरींच्या वाटा काढलेल्या.

मी मोबाइलवर फोटो दाखवायला लागलो. त्यांनी बघितलेही नाहीत.

"फोटो तुमच्याकडे राहू द्या. जुनी वायरिंग अख्खी काढून आणा. कापू नका."

"काका, जुनी वायरिंग मधे मधे जोडलेली आहे, लांबी खरी नाही तिची."

"मग गाडीत दोरी धरून मोजा. फायरवॉलचं, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याचं, भोक धरा शून्य. तिथून प्रत्येक फाटा कुठे फुटतो ते लिहा. आणि हे बघा, गाडी आज जशी आहे तशी लिहायची. पुस्तकात कशी आहे ते नको."

शेवटचं वाक्य ऐकलं आणि इथेच करायचं ठरवून टाकलं. दुकानातल्या वायरिंगला माझ्या गाडीत अल्टरनेटर आहे हे माहीत नाही, अमेरिकन किटला माझी गाडीच माहीत नाही.

भाव तयार सेटच्या तिपटीच्या आसपास. वेळ महिना-सव्वा महिना.

४ जानेवारी २०२५

वायरिंग उतरवली.

आधी बॅटरी काढली. मग एकही पिन काढण्याआधी प्रत्येकीला चिठ्ठी: कुठल्या वस्तूची, तिथला आकडा काय, वायरचा मूळ रंग काय (दोन्हीकडचा, कारण मधेच रंग बदललेला निघतो). मास्किंग टेपवर शिसपेन्सिलने लिहिलं. बॉलपेन तेलकट हाताने पुसतं.

त्या निळ्या वायरचा शोध लागला. ती डॅशखालून मागच्या सीटखाली जाते, तिथून डिक्कीत, आणि डिक्कीत नुसती कापलेली आहे. फ्यूज नाही. म्हणजे इतकी वर्षं एक उघडं जिवंत टोक पत्र्यापासून बोटभर अंतरावर लोंबत होतं.

इंजिन ते बॉडी अर्थपट्टी बघितली: अर्धी तुटलेली. ही पट्टी गेली की सेल्फ मारताना करंट मिळेल त्या वाटेने परत येतो, चोकची केबल, अॅक्सिलरेटरची केबल, जे काही इंजिनाला आणि बॉडीला जोडून असेल ते. चोकचा नॉब सेल्फ मारताना गरम लागत असेल तर केबलला दोष देऊ नये.

१२ जानेवारी

जुनी वायरिंग घेऊन काकांकडे. बोर्डावर अंथरली, माझ्या दोरीच्या मापांशी ताडून बघितली. डाव्या हेडलाइटचा फाटा मूळ मापापेक्षा लांब आहे, कोणीतरी जोडलाय, हे त्यांनी टेप न सोडता नुसत्या हाताने सांगितलं.

मग काय काय बदलायचं ते ठरलं. लिहून ठेवतो, कारण हीच खरी निवड आहे.

चार्जिंगची वायर. अल्टरनेटरच्या पट्टीवर ४५ अँपियर लिहिलंय. जुनी वायर डायनामोच्या हिशेबाची, ४४/०.३०, म्हणजे ३ चौरस मिलिमीटर. अडीच मीटर अंतर, ४० अँपियर धरले तर त्यात अर्ध्या व्होल्टहून जास्त पडेल. काका म्हणाले ८४/०.३० पुरे. मी १२०/०.३० वर अडून बसलो. साडेआठ चौरस मिलिमीटर, ड्रॉप ०.२ च्या आसपास. बॅटरीजवळ ६० अँपियरचा फ्यूज. काकांनी हिशेब बघितला, "जाड आहे, वाकवताना तुम्हालाच त्रास," एवढं म्हणून लिहून घेतलं.

चार्जिंगचा लाल दिवा. याच्याकडे बहुतेक जण फक्त इशारा म्हणून बघतात. अल्टरनेटर लावल्यावर या बल्बमधून जाणारा थोडासा करंट त्याला जागं करतो. बल्ब उडाला तर अल्टरनेटर चार्ज करायला सुरुवातच करणार नाही असंही होतं. म्हणून ही वायर जुन्या कटआउटमार्गे वळसा न घालता सरळ न्यायची आणि होल्डर नवा.

हेडलाइट. दोन रिले, एक फुलला, एक डिपरला. डिपरच्या दांडीतून आता फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जाईल, अँपियरचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. रिलेला थेट बॅटरीवरून ४४/०.३० ची वायर, २५ अँपियरच्या फ्यूजमधून. रिलेपुढे मात्र मूळचीच रचना: माझ्या गाडीत डाव्या-उजव्या, फुल-डिपर अशा चारही फिलामेंटना वेगवेगळा फ्यूज आहे. एक फ्यूज उडाला तर एकच दिवा जातो, अंधार होत नाही. हे ज्याने आखलं त्याला रात्रीच्या रस्त्याची जाण होती. मोडायचं नाही.

फ्यूज बॉक्स. जुना ठेवायचा. त्यात चिनी मातीचे टोकदार फ्यूज बसतात, पांढरा ८ अँपियरचा, लाल १६ चा. मला हे फ्यूज मुळीच आवडत नाहीत, टोकांवर काळं धरतं आणि पकड ढिली होते, ते ०.४ व्होल्ट तिथेच गेले होते. पण बॉक्स डोळ्यांसमोर असतो, तो जुनाच दिसायला हवा. पाकळ्या काढून घासून, ताण देऊन परत बसवल्यात. नव्या दोन सर्किटचे फ्यूज वेगळ्या छोट्या बॉक्समध्ये, बॅटरीच्या मागे.

इंडिकेटर, पार्किंग, मीटर: सरसकट १४/०.३०. पार्किंगचा ५ वॉटचा बल्ब अर्धा अँपियरसुद्धा घेत नाही, विजेच्या हिशेबाने केसाएवढी वायर चालेल. पण बारीक वायर धक्क्याने तुटते, म्हणून खाली जायचं नाही.

अर्थ. प्रत्येक हेडलाइटला आणि मागच्या दोन्ही दिव्यांना स्वतःची अर्थ वायर, आठ मिलिमीटरच्या बोल्टवर एकत्र. रंगाच्या भरवशावर काही नाही.

वायर कुठली? भारतीय मानक आयएस २४६५ चा शिक्का असलेली ऑटो केबल. तापकीर गल्लीत घरगुती वायर याहून सहज मिळते आणि १ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये तीही १४/०.३० च असते, त्यामुळे "तीच तर आहे" असं लोक म्हणतात. तांबं तेच असेल, कव्हर वेगळं. बॉनेटखाली उष्णता, ऑइल आणि पेट्रोल सोसायचं काम कव्हरचं आहे.

पिना दाबायच्या, डाख द्यायचा नाही. यावर काकांशी वाद नव्हता. डाख वायरच्या आत चढतो, जिथे तो संपतो तिथे वायर ताठ होते आणि धक्क्यांनी नेमकी तिथेच तुटते.

१ फेब्रुवारी

वायरिंग मिळाली.

घरी आणून खाटेवर पसरली. टेप बिनचिकट पीव्हीसीची, फक्त टोकांना चिकटपट्टी. चांगलं आहे, चिकट टेप बॉनेटखाली पाघळते आणि मग हात लावावासा वाटत नाही. फाटे जिथे फुटतात तिथे टेपचे आडवे-तिडवे वेढे. फायरवॉलचा रबर बुश आधीच ओवलेला, हे मी सांगायला विसरलो असतो तर नंतर ओवताच आला नसता, पण त्यांनी न सांगता केलंय.

आता माझी परीक्षा. एक जास्तीचा नमुना मुद्दाम मागून घेतला होता: तीच वायर, तीच पिन. सोलून तार मोजली, ०.३०. पिनेला स्प्रिंगच्या काट्यावर लावून ओढलं. १० किलोपर्यंत नेलं, हलली नाही. त्यापुढे मी नेलं नाही. नाना पेठेतल्या पिनेला तर काट्याची गरजच पडली नव्हती.

मग मीटर लावून प्रत्येक वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवली. एक गोष्ट सापडली: डाव्या-उजव्या इंडिकेटरच्या वायरी मागच्या कपलरमध्ये अदलाबदल झाल्यात. काकांना फोन केला. "पिन मागून सुईने उचला, निघेल," म्हणाले. निघाली.

९ फेब्रुवारी

बसवली. यावर फार लिहिण्यासारखं नाही. ज्याने आधी नीट चिठ्ठ्या लावल्या त्याला बसवताना कंटाळाच येतो, आणि तो यावाच. १२०/०.३० ने बॅटरीजवळच्या वळणावर खरंच त्रास दिला, काकांना कळवणार नाही.

पहिल्यांदा करंट देताना बॅटरी थेट जोडली नाही. प्लसच्या वाटेत इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब मालिकेत लावला. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि करंट पावणेदोन अँपियरच्या पुढे जाऊच शकत नाही, वायर जळत नाही. सगळे स्विच बंद: बल्ब बंद. एकेक स्विच चालू करत गेलो. पार्किंगला बल्ब मंद लाल. हॉर्नला बल्ब लख्ख आणि हॉर्नमधून नुसती कुरकुर, हे अपेक्षितच. कुठलाही स्विच बंद असताना बल्ब पेटला नाही. मग बल्ब काढून बॅटरी थेट जोडली. सेल्फ मारला. चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि इंजिन उचलताच गेला.

१६ फेब्रुवारी

आकडे, नोव्हेंबरसारख्याच पद्धतीने, तेच ६०/५५ चे बल्ब, फुल लाइट.

बॅटरीवर १४.१. डाव्या हेडलाइटवर १३.६. प्लसच्या वाटेत ०.४, त्यातले ०.२ अजूनही त्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये. अर्थमध्ये ०.१. अल्टरनेटरचं टोक ते बॅटरी, दिवे आणि वायपर चालू ठेवून, ०.१.

काल रात्री कात्रजच्या जुन्या घाटातून जाऊन आलो. समोरच्या ट्रकवाल्याने डिपर मारला, म्हणजे आता यांना आपला लाइट टोचतो. दिवे भिंतीवर लावून खाली घ्यायचे आहेत, हे पुढच्या रविवारी.

राहिलेलं: पेट्रोलचा काटा पाव टाकीवर अडकतो. वायर तपासली, ठीक आहे, टाकीतल्या फ्लोटचा दोष दिसतोय. हॉर्नला अजून रिले नाही, जोडीचे हॉर्न आहेत, बटणाच्या पाकळ्या जळण्याआधी लावायला हवा. वायरिंगमध्ये काकांनी त्यासाठी एक जास्तीची वायर सोडून ठेवलीय, टोकाला टोपी घालून, चिठ्ठी लावून.

जुनी वायरिंग बोर्डावर नमुना म्हणून काकांनीच ठेवून घेतली. कोणाची १९७८ च्या आसपासची, अल्टरनेटर बसवलेली पद्मिनी असेल तर बोर्ड तयार आहे. आपल्या गाडीची मापं मात्र दोरीनेच घेऊन जा.